टायर उर्फ सूर: बेट होतं, त्याची जमीन कशी झाली?

खारेदाणे (धागाकर्ता)

मंडळी, शीर्षक वाचून पंक्चर काढायला कुणी आलं असेल तर बसा, चहा घ्या, पण विषय वेगळा आहे.

लेबनॉनच्या दक्षिणेला, बैरुतपासून साधारण ८० किलोमीटरवर टायर नावाचं गाव आहे. तिथले लोक त्याला सूर म्हणतात. गाण्यातला सूर नाही हो, फिनिशियन भाषेत (म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या) त्याचा अर्थ खडक. आणि खडकच होता तो, भर समुद्रात, किनाऱ्यापासून पाऊण-एक किलोमीटर आत. मी २०१८ ला कतारहून सुट्टी काढून गेलो होतो, डोक्यात शाळेच्या पुस्तकातलं बेट, म्हटलं आता होडी लागेल, तर टॅक्सी दुकानं, बिल्डिंगा, हॉर्न मारणारे स्कूटरवाले यांच्यातून सरळ पुढे निघाली. शेवटी न राहवून ड्रायव्हरला विचारलं, बेट कधी येणार? तो म्हणाला, केव्हाच आलंय, आपण बेटावरच आहोत.

तर ही जमीन आली कुठून? शॉर्टमधे उत्तर: सिकंदराने टाकली. लांब उत्तर असं की इ.स.पू. ३३२ च्या जानेवारीत सिकंदर पर्शियनांना इस्ससला हरवून किनाऱ्याने खाली येत होता. बिब्लॉस, सिडॉन ही शेजारची फिनिशियन शहरं सगळी शरण आली. टायरवाल्यांनीही नजराणे पाठवले. हा म्हणाला मला तुमच्या मेलकार्त देवाला बळी द्यायचाय (ग्रीक लोक मेलकार्तला हेराक्लिसच समजायचे आणि सिकंदर स्वतःला हेराक्लिसचा वंशज म्हणवून घ्यायचा). टायरवाले पक्के व्यापारी, त्यांनी ओळखलं की पाहुणा देवळात शिरला की परत निघत नाही. त्यांनी सांगितलं, देऊळ पलीकडे किनाऱ्यावरच्या जुन्या गावातही आहे, तिथे हवी तेवढी पूजा करा, बेटावर ना पर्शियन येणार ना मॅसिडोनियन (म्हणजे सिकंदराची माणसं). त्यानंतर समेटाला म्हणून आलेले सिकंदराचे दूत त्यांनी मारून तटावरून खाली टाकले असं एक ग्रंथकार सांगतो, म्हणजे मग बोलणीच संपली.

सिकंदराकडे तेव्हा आरमार नव्हतं. म्हणून त्याने किनाऱ्यावरचं जुनं गावच पाडायला घेतलं, त्याचे दगड, लेबनॉनच्या डोंगरातली झाडं, माती, सगळं समुद्रात. किनाऱ्याजवळ चिखल आणि उथळ पाणी, काम भराभर सरकलं. पण शहराच्या तटाजवळ पाणी तीन वाव (साधारण साडेपाच मीटर) खोल, आणि वरून बाण. मग त्याने भरावाच्या टोकाला दोन लाकडी मनोरे उभे केले, वर कातडी लावली जळू नये म्हणून.

आता टायरवाल्यांचं डोकं बघा. घोडे वाहून न्यायचं एक जुनं मोठं जहाज घेतलं, त्यात सुकी लाकडं, डांबर, गंधक भरलं, डोलकाठ्यांना आडव्या काठ्या बांधून त्यावर तेलाच्या कढया टांगल्या, आणि मागच्या बाजूला वजन टाकलं म्हणजे नाळ वर उचलली जाईल आणि जहाज भरावावर चढेल. वारा बरोबर बघून सोडलं. मनोरे गेले, यंत्रं गेली, आणि जी माणसं आग विझवायला धावली त्यांच्यावर होड्यांमधून बाण. कित्येक आठवड्यांचं काम एका दुपारीत साफ.

बाकी लिहितो नंतर, ऑफिसला उशीर होतोय.

पोटोबा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. कढईचं वाचून भजी आठवली, सॉरी.

राजपुरीचा_होडीवाला

दादा मी जंजिऱ्याच्या समोरचाच, लहानपणापासून किल्ला बघतोय. तुमचं वाचताना अंगावर काटा आला कारण हेच आमच्याकडे झालंय. १६८२ ला संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने दगड टाकून खाडीत वाट बांधायला घेतली होती, जंजिरा तसा हाती लागत नाही म्हणून. अर्ध्यावर राहिली. मुघलांची फौज कल्याणकडे उतरली आणि महाराजांना माघारी जावं लागलं. पर्यटकांना आम्ही रोज सांगतो हे. पण सिकंदराचं झालं आणि आमचं का नाही हे कोणी नीट सांगत नाही.

खारेदाणे

काका (का दादा?), हा प्रश्न मलाही तिथे उभं राहून पडला होता! इथे कुणीतरी इंजिनियर असेलच, सांगा राव.

भरतीओहोटी

हजर. पोर्ट कन्स्ट्रक्शनमधे २२ वर्षं घालवली आहेत त्यामुळे हात शिवशिवतात.

पहिलं कारण कुणीच बोलत नाही ते म्हणजे भरती. भूमध्य समुद्राला आपल्यासारखी भरती-ओहोटी नाही, टायरला जेमतेम फूटभर फरक. आज टाकलेला दगड उद्या तिथेच, त्याच पाण्यात. मुंबई-मुरुडकडे उधाणाला चार मीटरच्या आसपास पाणी वर-खाली होतं, दिवसातून दोनदा, आणि खाडीच्या तोंडाशी ओढ असते ती वेगळी. अशा जागी नुसते दगड टाकून भराव करायचा म्हणजे एक टाकला की अर्धा वाहून जाणार. वर पावसाळा. त्या काळात हे काम हाती घेतलं हीच कमाल म्हणायची.

दुसरं, टायरला तळाशी आधीच वाळू होती. बेट किनाऱ्याला समांतर, लाटा बेटाला वळसा घालून मागे येतात आणि तिथे जोर संपतो, मग आणलेली वाळू तिथेच सोडतात. याला टोंबोलो म्हणतात. २००७ मधे फ्रेंच संशोधकांनी तिथे गाळाचे बोअर घेतले, त्यात निघालं की सिकंदर आला तेव्हा बेट आणि किनारा यांच्यामधे पाण्याखाली एक-दोन मीटरवर वाळूची पाठ तयार झालेलीच होती. म्हणजे निसर्गाने बहुतेक काम करून ठेवलं होतं आणि याने वर दगड टाकले. मग भरावाने वाळूचा प्रवाहच अडवला, दोन्ही अंगाला साचत गेली साचत गेली, आणि आज तुमची टॅक्सी ज्यावरून गेली ती सिकंदराची माती कमी आणि २३०० वर्षांची वाळू जास्त.

राजपुरीचा_होडीवाला

हे बेस्ट सांगितलंत साहेब. ओढ काय असते ते आम्हाला विचारा, शिडाची होडी किल्ल्याच्या दरवाजाला लावताना रोज कळतं.

स्पष्टवक्ता

सगळं ठीक आहे पण भरावाने टायर पडलं हे खरं नाही. लोक फार रोमँटिक लिहितात. जळल्यावर सिकंदराने भराव रुंद करून परत बांधला, तरी तिथला तट फुटला नाही. टायर पडलं ते जहाजांमुळे. सिडॉन, बिब्लॉस, अर्वाद या फिनिशियन शहरांची जहाजं पर्शियनांकडून फुटून त्याला मिळाली, सायप्रसची १२० आली, आणि मग त्याने जहाजांवर धडक-यंत्रं चढवून दक्षिणेच्या बाजूला भगदाड पाडलं. म्हणजे टायरला बुडवलं ते फिनिशियन भावकीने. घरभेदी हाच इतिहास आहे सगळीकडे.

जंजिऱ्याचंही तेच, सिद्दीची गलबतं पावसाळ्यात माझगावला इंग्रजांच्या आसऱ्याला असायची, मागे मुघल उभे. वाट पूर्ण झाली असती तरी समुद्राकडची बाजू उघडीच होती.

खारेदाणे

बरोबर. आणि मधे एक मजेशीर गोष्ट आहे ती लिहायची राहिली. सिकंदराची जहाजं तटाखाली नांगर टाकून उभी राहायची, तर टायरचे पाणबुडे पाण्याखालून येऊन नांगराचे दोर कापायचे. शेवटी त्याने दोरांऐवजी साखळ्या लावल्या. तटावरून तापलेली वाळू ओतायचे, ती चिलखताच्या आत जायची आणि माणूस वेडा होऊन उडी मारायचा.

जुलैमधे पडलं. सात महिने. एरियन हा प्राचीन इतिहासकार लिहितो ८,००० मेले आणि ३०,००० गुलाम म्हणून विकले. दुसरा इतिहासकार कर्टियस तर म्हणतो की वर आणखी २,००० जणांना किनाऱ्यावर क्रूसावर टांगलं. टायरचा राजा अझेमिल्कस आणि मेलकार्तच्या उत्सवाला आलेले कार्थेजचे (आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची टायरचीच वसाहत) पाहुणे देवळात लपले होते त्यांना सोडलं. आणि मग सिकंदराने शेवटी तो बळी दिलाच, ज्यावरून सगळं सुरू झालं होतं.

जुनाट_कागद

@स्पष्टवक्ता, घरभेदीबद्दल अर्धसहमत. सिडॉनवाले सिकंदराच्या बाजूने आत शिरले खरे, पण कर्टियसच सांगतो की त्यांनी १५,००० टायरवाल्यांना गुपचूप आपल्या जहाजांत घालून वाचवलं. भाऊबंदकी अशीच असते, बांधावरून डोकी फोडतील आणि मयताला पहिले येतील.

हे भांडण किती जुनं आहे ते बघा. इजिप्तमधे अमर्ना इथे मातीच्या विटांवरची पत्रं सापडली, इ.स.पू. १४ व्या शतकातली. त्यात टायरचा राजा अबी-मिल्कू याची दहा पत्रं आहेत फॅरोला. जवळपास सगळी तक्रार एकच: सिडॉनच्या झिम्रीदाने किनाऱ्यावरचं उशू गाव घेतलं, आम्हाला पाणी नाही, लाकूड नाही, मेलेल्यांना ठेवायला जागा नाही, थोडे सैनिक पाठवा. कारण बेटावर झरा नव्हता ना, पाणी पलीकडून होडीने यायचं, स्मशानही पलीकडे. एवढं श्रीमंत शहर आणि हंड्यासाठी समोरच्या गावावर अवलंबून. आमच्याकडे टँकरची वाट बघणाऱ्या सोसायट्या आठवल्या.

मला सगळ्यात आवडतं ते हिराम राजाचं. बायबलमधे आहे. शलमोनाला जेरुसलेमचं मंदिर बांधायचं होतं, हिरामने देवदार पुरवला, सोनं दिलं, कारागीर दिले. बिल चुकतं करायची वेळ आली तेव्हा शलमोनाने गालीलमधली २० गावं दिली. हिराम स्वतः जाऊन बघून आला आणि म्हणाला, भाऊ ही कसली गावं दिलीस मला! ३००० वर्षांपूर्वीचा कॉन्ट्रॅक्टर, पेमेंटऐवजी एनए न झालेला प्लॉट गळ्यात.

पोटोबा

एनए न झालेला प्लॉट 😂😂 मेलो.

पैठणीवाली

रंगाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मी नैसर्गिक रंगकाम करते, नीळ लावते घरीच पिंपात, म्हणून टायरचं नाव मला माहीत आहे ते फक्त जांभळ्यासाठी.

तो जांभळा म्युरेक्स नावाच्या समुद्री गोगलगायीतून काढायचे. तिच्या अंगात एक छोटी ग्रंथी असते, त्यातला रस सुरुवातीला पांढरट-पिवळा, हवा आणि ऊन लागलं की हिरवा, निळा, मग जांभळा होत जातो. १९०९ मधे फ्रीडलेंडर नावाच्या जर्मन केमिस्टने १२,००० गोगलगायी फोडल्या आणि हातात किती रंग आला? १.४ ग्रॅम. चिमूटभर. मग त्याने रेणू तपासला तर निघालं की ही आपली नीळच आहे, फक्त दोन ब्रोमीनचे अणू जास्त! मला हे कळलं त्या दिवशी मी पिंपाशी बसून हसले. नीळ भारतातली, ग्रीक तिला इंडिकॉनच म्हणायचे, आणि रोमच्या बादशहाचा जांभळा म्हणजे तिची समुद्रातली बहीण.

नीळ लावताना पिंपातलं पाणी पिवळट-हिरवं असतं, वर तांबूस-जांभळा फेस, कापड बाहेर काढलं की डोळ्यांसमोर हिरव्याचं निळं होतं, दर वेळी बघायला मजा येते. म्युरेक्सचंही तसंच आहे म्हणे, आणि पिंप उन्हात राहिलं तर ब्रोमीन सुटून जातं आणि जांभळ्याऐवजी चक्क निळा येतो. म्हणजे ढग आले-गेले यावर भाव ठरणार.

वास मात्र विचारू नका. मेलेल्या गोगलगायी दिवसेंदिवस शिजवायच्या. स्ट्रॅबो हा प्राचीन ग्रीक भूगोलकार लिहितो की रंगाच्या कारखान्यांमुळे टायर राहायला नकोसं होतं पण त्यामुळेच श्रीमंत आहे. हे वाक्य कुठल्याही एमआयडीसीच्या कमानीवर लावता येईल. इ.स. ३०१ च्या रोमन बादशहा डायोक्लेशियनच्या दरपत्रकात जांभळ्या रेशमाचा भाव पौंडाला १,५०,००० दिनार आहे.

खारेदाणे

ताई जबरदस्त प्रतिसाद. तुमचा वेगळा धागा पाहिजे यावर. स्ट्रॅबोच सांगतो की टायरमधली घरं रोमपेक्षा जास्त मजल्यांची होती. बेट लहान, माणसं जास्त, चढवा मजले. मुंबईकरांना समजावून सांगायची गरज नाही.

लिपीवेडा

फिनिशियन म्हटलं आणि लिपी नाही? २२ अक्षरं, सगळी व्यंजनं. ग्रीकांनी ती घेतली, त्यांच्याच दंतकथेत कॅडमस नावाचा टायरचा राजपुत्र अक्षरं घेऊन ग्रीसला गेला. दुसरी शाखा अरामाईक, तिच्यातून खरोष्ठी (वायव्य भारतातली जुनी लिपी). आणि देवनागरीची पूर्वज ब्राह्मीही तिथूनच आली असं बरेच लोक मानतात, म्हणजे आत्ता मी टाइप करतोय ती देवनागरी लांबून का होईना...

स्पष्टवक्ता

झालं सुरू. ब्राह्मी परकीय हे ठरलेलं नाही. वर्णमालेची रचना बघा, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, ही फिनिशियनमधे आहे का? नाही.

लिपीवेडा

वर्णमालेचा क्रम इथला, कोण नाही म्हणतंय? चिन्हांचे आकार कुठून आले हा वेगळा मुद्दा. खरोष्ठीबद्दल तर वाद जवळपास नाहीच.

जुनाट_कागद

दोघांनीही यावर वेगळा धागा काढा, २०० प्रतिसाद नक्की. इथे टायर चालू द्या.

कॉफी_आणि_कार्थेज

माझ्या आयडीमुळे लिहिणं भाग आहे. कार्थेज ही टायरची लेक. परंपरेने इ.स.पू. ८१४. पिग्मॅलियन राजाने बहीण एलिसाच्या नवऱ्याला संपत्तीसाठी मारलं, ती माणसं आणि जहाजं घेऊन पळाली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली. तिथल्यांनी सांगितलं बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन घे, तिने कातड्याची बारीक वादी कापून टेकडीला वेढा घातला. गोष्ट आहे, पण कार्थेजचं नाव कार्त-हदाश्त म्हणजे नवं शहर हे खरं, आणि कार्थेजवाले वर्षानुवर्षं मेलकार्तच्या देवळाला भेट पाठवायचे हेही खरं. वेढ्यात टायरच्या काही बायका-मुलांना तिकडेच पाठवलं होतं. माहेरपण उलटं झालं.

माजी_फौजी

एक छोटी भर. ऑक्टोबर १९१८ मधे आपली सातवी (मीरत) डिव्हिजन हैफाहून बैरुतकडे याच किनाऱ्याने चालत गेली. टायरच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेला कडा आहे, त्याला टायरची शिडी म्हणतात. तिथली जुनी वाट एवढी अरुंद की तोफा जाईनात, सॅपर्स-पायोनियरांनी (लष्करातले रस्ते-पूल बांधणारे जवान) कडा फोडून रुंद केली. सिकंदराने समुद्र भरला, आपल्या पोरांनी डोंगर फोडला.

मधुरा_मुलुंड

इतकं वाचून जावंसं वाटतंय. आता बघण्यासारखं काय उरलंय? आणि जाण्यासारखी परिस्थिती आहे का?

खारेदाणे

मधुराताई, फिनिशियन जवळपास काहीच दिसत नाही, ते रोमन आणि आजच्या घरांच्या खाली. दिसतं ते रोमन, आणि भरपूर. अल-बास भागात स्मशान आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूला दगडी शवपेट्या, काहींची झाकणं सरकलेली, मग कमान आणि पुढे रथांच्या शर्यतीचं मैदान, जवळजवळ ४८० मीटर लांब. मी गेलो तेव्हा गवत कमरेएवढं होतं आणि एक म्हातारी त्यातून कसली तरी भाजी खुडत होती. भिंतीला लागून पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणी, तिथल्या गच्चीवरचे कपडे सरळ रोमन कमानीवर वाळत घातल्यासारखे दिसतात. दुसरी जागा बेटाच्या टोकाला, हिरवट पट्ट्यांच्या संगमरवराचे खांब ओळीने, आणि खाली समुद्रात पडलेले खांब, पाणी नितळ असलं की दिसतात. उत्तरेचं जुनं सिडॉनी बंदर अजून चालू आहे, कोळी जाळी शिवत बसलेले असतात, फिनिशियन काळापासून तीच जागा.

१९८४ पासून जागतिक वारसा आहे. पण २०२४ च्या ऑक्टोबरमधे शहरावर बॉम्ब पडले, लोकांना घरं सोडावी लागली. नोव्हेंबरमधे युनेस्कोने लेबनॉनमधल्या ३४ स्थळांना तात्पुरतं वाढीव संरक्षण दिलं. मी ज्या घरी उतरलो होतो त्या काकूंचा एकदा मेसेज आला, गच्चीवरून समुद्राचा फोटो, खाली फक्त 'परत आलो' एवढंच. त्यामुळे जा म्हणून सांगायची हिंमत नाही होत सध्या.

जुनाट_कागद

जाता जाता एक खास इथल्या मंडळींसाठी राखून ठेवलं होतं. टायरचा मरिनस, इ.स. १०० च्या आसपासचा भूगोलकार. जागा अक्षांश-रेखांशावर मांडायची पद्धत त्याने रुळवली. त्याचं स्वतःचं पुस्तक हरवलं, पण टॉलेमी या भूगोलकाराने पुढे आपला ग्रंथ त्याच्याच पायावर लिहिला आणि लिहिताना त्याच्या चुकाही काढल्या. त्यातली एक चूक सिमिल्ला बंदराची. मरिनसने ते कन्याकुमारीच्याच काय, सिंधूच्याही पश्चिमेला नेऊन ठेवलं होतं. टॉलेमी म्हणतो, जे लोक तिथे जाऊन आलेत ते सांगतात की ते सिंधूच्या मुखांच्या सरळ दक्षिणेला आहे, आणि तिथले लोक त्याला तिमुला म्हणतात.

सिमिल्ला म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपलं चौल. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुल येतं तेच. म्हणजे टायरमधल्या एका माणसाने आपल्या रेवदंड्याशेजारच्या गावाचा पत्ता चुकवला आणि चौलला जाऊन आलेल्या खलाशांनी तो दुरुस्त केला.

भरतीओहोटी

हे माहीत नव्हतं! दंडवत.

राजपुरीचा_होडीवाला

चौलला माझी मावशी राहते. आत्ताच फोन लावला, म्हटलं मावशे तुझं गाव एकाने सिंधूच्या पलीकडे नेऊन ठेवलेलं. म्हणाली, ठेवू दे, येताना अलिबागवरून कांदे घेऊन ये.